फोनवर पास झालं, मग टॅबवर पुन्हा कशाला?

‘ॲप फोनवर तपासून झालंय. टॅबसाठी वेगळं टेस्टिंग खरंच लागतं का, आणि लागलंच तर कमीत कमी काय करायचं?’ रिलीजच्या तोंडावर हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: लागतं, पण बहुतेकांना वाटतं त्या कारणासाठी नाही. टॅबवर बटणं ताणली जातात, मजकुराची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते, हे कुणालाही पाच मिनिटांत दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट पाठवला की काम झालं. खरा घोळ वेगळाच असतो. फोन माणूस दिवसभर उभाच धरतो. टॅब मात्र कधी आडवा, कधी उभा, कधी स्टँडवर. मध्येच शेजारी दुसरं ॲप उघडतं, कीबोर्ड जोडला जातो, काढला जातो. म्हणजे ॲप चालू असतानाच खिडकीचं माप बदलतं, आणि अर्धवट भरलेली माहिती नेमकी त्याच क्षणी जाते.

अँड्रॉइडवर स्क्रीन फिरली की समोरची ॲक्टिव्हिटी, म्हणजे ॲपचा उघडा पडदा, मोडून नवी बांधली जाते. डेव्हलपरने मुद्दाम वेगळी सोय केली नसेल, तर कीबोर्ड जोडतानाही तेच होऊ शकतं. ज्या एडिटटेक्स्टला (मजकूर टाकायच्या चौकटीला) कोडमध्ये आयडी, म्हणजे ओळखनाव, आहे तो आपला मजकूर आपणच जपतो, आयडी नसलेला कोरा होऊन परत येतो. कोडमधून तयार केलेल्या फील्डना आयडी द्यायचा राहून जातो, म्हणून दहातली आठ फील्ड शाबूत आणि दोन कोरी असा प्रकार दिसतो. टेस्टरने पहिलंच फील्ड भरून टॅब फिरवला असेल, तर हा बग सापडणारच नाही. फॉर्म पूर्ण भरा, मग फिरवा.

‘आम्ही पोर्ट्रेट लॉक केलंय’, म्हणजे ॲप उभंच राहील असं बांधलंय, हे उत्तर आता चालत नाही. अँड्रॉइड १६ मध्ये, एपीआय ३६ ला टार्गेट केलेलं, म्हणजे याच आवृत्तीसाठी बांधलेलं, ॲप लहान बाजू ६०० डीपी (डेन्सिटीनुसार काढलेलं पडद्याचं माप) किंवा त्याहून जास्त असलेल्या पडद्यावर असेल, तर सिस्टीम ते लॉक जुमानत नाही. गेम्सना सूट आहे, बाकीच्यांसाठी एक तात्पुरती पळवाट आहे, पण तिच्यावर विसंबू नये. आयपॅडवर स्प्लिट व्ह्यू (दोन ॲप शेजारी-शेजारी) २०१५ मध्ये आला आणि आयपॅडओएस २६ मध्ये तर खिडकी हवी तशी लहानमोठी करता येते.

हाताशी एकच तास असेल तर तो असा घालवा. ॲपमधला सगळ्यात लांब फॉर्म घ्या. नाव, तारीख, ड्रॉपडाऊन, एक लांबलचक शेरा आणि एक फोटो, सगळं भरा. तारखेचा डायलॉग उघडा असतानाच टॅब फिरवा. डायलॉग राहिला का? निवडलेली तारीख राहिली का? मग शेजारी दुसरं ॲप उघडा, मधली पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश ओढा, परत पूर्ण स्क्रीन करा. शेवटी ‘सबमिट’ दाबा आणि चक्र फिरत असताना लगेच टॅब आडवा करा. आता सर्व्हरवर जाऊन नोंदी मोजा. रिक्वेस्ट ऑनक्रिएटमधून (ॲक्टिव्हिटी बांधताना चालणाऱ्या कोडमधून) जात असेल, तर नव्याने बांधलेली ॲक्टिव्हिटी ती पुन्हा पाठवते आणि एका माणसाच्या दोन नोंदी होतात. स्क्रीनवर ‘यशस्वी’ दिसतंय म्हणून इथे समाधान मानू नका.

फोटोचा प्रकार वेगळा तपासावा लागतो. ‘फोटो काढा’ दाबल्यावर ॲप फाइलचा पत्ता एका व्हेरिएबलमध्ये ठेवतं आणि कॅमेरा ॲप उघडतं. माणूस टॅब आडवा करून फोटो काढतो आणि परत येतो. तोवर जुनी ॲक्टिव्हिटी गेलेली, व्हेरिएबल नल (रिकामं), आणि ॲप एकतर बंद पडतं किंवा फोटोच्या जागी करडा चौकोन दाखवतं. मेमरी कमी असेल तर सिस्टीम मागे गेलेली अख्खी प्रोसेसच मारते, मग टॅब न फिरवताही हेच होतं. मुद्दाम घडवून आणायचं असेल, तर बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू करा. मात्र त्यात सिंगलटन (अख्ख्या ॲपसाठी मेमरीत एकदाच ठेवलेल्या वस्तू) जिवंत राहतात, म्हणून ही अर्धीच परीक्षा. पूर्ण परीक्षा म्हणजे होम दाबून ॲप मागे टाकायचं, संगणकावरून टॅबला आज्ञा देणारं एडीबी वापरून ‘एडीबी शेल एएम किल’ आणि पुढे पॅकेजचं नाव देऊन प्रोसेस मारायची आणि रीसेंट्समधून परत उघडायचं. व्ह्यूमॉडेल (पडद्याची माहिती वेगळी जपणारा भाग) वापरलंय, आता काळजी नाही, असं सांगणाऱ्या डेव्हलपरसमोर हे एकदा करून दाखवाच. व्ह्यूमॉडेल स्क्रीन फिरण्यातून वाचतं, प्रोसेस मरण्यातून नाही.

मेमरीचं गणित सोपं आहे. आठ मेगापिक्सेलचा फोटो, म्हणजे ३२६४ गुणिले २४४८, एका पिक्सेलला चार बाइट धरले तर मेमरीत साधारण ३२ एमबी घेतो, डिस्कवर तो दोन एमबीचा असला तरी. यादीत असे चार-पाच फोटो लहान न करता लावले, की दोन जीबी रॅमचा स्वस्त टॅब मान टाकतो. डेव्हलपरच्या महागड्या फोनवर हे कधीच दिसत नाही.

मापांबद्दल थोडं. इंचांवर जाऊ नका, डीपी मोजा: पिक्सेल गुणिले १६० भागिले डेन्सिटी (इंचाला किती पिक्सेल). १९२० गुणिले १२०० चा, २४० डेन्सिटीचा टॅब म्हणजे १२८० गुणिले ८०० डीपी. बग राहतात ते सीमेवर. २०१२ चा नेक्सस ७ घ्या: ८०० पिक्सेल, २१३ डेन्सिटी, हिशेब ६०१ डीपी. टॅबचा लेआउट ६०० पासून सुरू होतो, म्हणजे तो एका डीपीने आत. अशा मापाच्या आजच्या टॅबवर वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये डिस्प्ले साइझ एक पायरी वाढवली, की ॲप फोनचा लेआउट दाखवायला लागतं. म्हणून ‘एडीबी शेल डब्ल्यूएम डेन्सिटी’ वापरून आकडा बदलत ६०० आणि ८४० या दोन्ही सीमांच्या थोडं अलीकडे, थोडं पलीकडे जाऊन पाहा. काम झालं की शेवटी ‘रिसेट’ द्या, नाहीतर पुढचा टेस्टर दिवसभर भलतेच बग नोंदवत बसेल.

डावीकडे यादी, उजवीकडे तपशील असा दोन कप्प्यांचा लेआउट असेल तर आडव्यात सातवी ओळ निवडा आणि उभं करा. तपशील सातव्याचाच हवा, आणि बॅक दाबल्यावर यादी यायला हवी, ॲप बंद व्हायला नको. काहीच निवडलेलं नसताना उजवा कप्पा काय दाखवतो हेही बघा. तो बहुधा कुणी डिझाइनच केलेला नसतो.

हार्डवेअरच्या गृहीतकांनी ॲप टॅबवर पोचतच नाही, असंही होतं. मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या गरजा जाहीर करणाऱ्या फाइलमध्ये) एसएमएस किंवा कॉलची परवानगी मागितली, की टेलिफोनी असायलाच हवी असं प्ले स्टोअर धरून चालतं आणि फक्त वाय-फाय असलेल्या टॅबवर ॲप दाखवतच नाही. त्याच फाइलमधल्या यूझेस-फीचरमध्ये ‘रिक्वायर्ड फॉल्स’ लिहिलं की सुटतं. ओटीपी आपोआप वाचण्यावर सगळी मदार असेल तर तीही बुडाली, कारण मेसेज खिशातल्या फोनवर येतो. हाताने टाकायची जागा हवीच. वाय-फायवाल्या आयपॅडला जीपीएस नसतं. काही स्वस्त टॅबच्या कॅमेऱ्याला ऑटोफोकस नसतो, त्यामुळे क्यूआर कोड जवळ धरला की धूसर आणि लांब धरला की बारीक. काही टॅबची मूळ स्थितीच आडवी असते. रोटेशन शून्य म्हणजे उभं असं गृहीत धरणाऱ्या ॲपमध्ये कॅमेऱ्याचं चित्र तिथे आडवं पडतं.

आता आपल्या भाषेचं. टॅबची भाषा मराठी करून एक पूर्ण फेरी कराच, हिंदीत केलेली फेरी पुरत नाही. मराठी लोकेलचे (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगचे) मूळ अंक देवनागरी आहेत, हिंदीचे तसे नाहीत. डेव्हलपरने तारीख डीफॉल्ट लोकेलने फॉरमॅट केली असेल, तर सर्व्हरला ‘२०२५-०१-०५’ अशी देवनागरीतच जाते आणि सर्व्हर ती नाकारतो. हिंदीत आणि इंग्रजीत मात्र सगळं हिरवं. यंत्राला पाठवायच्या तारखा-आकड्यांसाठी लोकेल रूट (कुठल्याच भाषेचा नसलेला) वापरायचा, हा त्यावरचा इलाज. शिवाय लेबलांमध्ये ‘कर्तृत्व’, ‘वाङ्मय’, ‘तऱ्हा’, ‘हृदयविकार’ असे शब्द टाकून फॉन्ट सगळ्यात मोठा करा. ओळीची उंची पक्की बांधलेली असेल तर वरचा रफार आणि खालचा ऋकार कापला जातो. ‘सबमिट’च्या जागी ‘अर्ज सादर करा’ आलं की बटणाचं काय होतं तेही त्याच फेरीत कळतं.

एम्युलेटर (संगणकावरचा नकली टॅब) मापांसाठी उत्तम. कॅमेरा, मेमरी आणि स्पर्श यांच्यासाठी मात्र खरी उपकरणं लागतात. आठ इंची कमी रॅमचा एक टॅब, दहा-अकरा इंची एक, आणि आयओएसवर असाल तर एक आयपॅड. महागड्या तीन टॅबपेक्षा तो एक स्वस्त टॅब जास्त बग देतो.

बग नोंदवताना मॉडेल आणि आवृत्तीबरोबर टॅब आडवा होता की उभा, पूर्ण स्क्रीन होती की अर्धी, कीबोर्ड जोडलेला होता का, भाषा आणि फॉन्टचा आकार कोणता, हेही लिहा. सोबत ‘एडीबी शेल स्क्रीनरेकॉर्ड’चा व्हिडिओ जोडा. तो तीन मिनिटांनी आपोआप थांबतो, म्हणून फॉर्म आधी भरून घ्या आणि टॅब फिरवायच्या जरासं आधी रेकॉर्डिंग सुरू करा.