पावसातलं बर्डिंग आणि जॅकेट: तिसऱ्या पावसाळ्याची नोंद

पावसात बर्डिंगला, म्हणजे पक्षी बघायला, जाताना घालायच्या जॅकेटचा विषय दोन पावसाळे चालू होता, आता तिसरं घेतलंय आणि जूनपासून ताम्हिणीच्या दोन चकरा आणि आंबोलीचे तीन दिवस असं वापरून झालंय, त्यामुळे काय जमलं काय नाही ते डोक्यात ताजं असतानाच लिहून ठेवतो.

आधीच्या दोघांबद्दल थोडक्यात. पहिला होता बाइकवर घालायचा जाड रबरी रेनकोट. पाऊस एक थेंब आत येत नाही, पण चढ चढून वर पोचलो की आतला शर्ट पिळून घ्यावा इतका ओला, आणि मग पक्षी येण्याची वाट बघत अर्धा तास एका जागी बसलं की तोच घाम गार पडून हुडहुडी भरते. दुसरं मात्र चांगलं महागाचं, मेंब्रेनवालं (आत पाणी अडवणारा पण वाफ सोडणारा पातळ पडदा असलेलं), लेबलवर 20,000 मिमी, भावाने बाहेरून येताना आणलं होतं. मी अगदी निर्धास्त होतो. जुलैत घाटात घालून गेलो आणि दोन तासांत तीच गत, आतून चिंब. मला वाटलं गळतंय, घरी येऊन उलटं करून सगळ्या शिवणी तपासल्या, टेप सगळी जागच्या जागी. पाणी बाहेरून आलंच नव्हतं.

तेव्हा बसून ते आकडे नीट समजून घेतले. 10,000 मिमी म्हणजे त्या कापडावर 10 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर तेवढ्या दाबापर्यंत ते टिकतं. नुसत्या पडणाऱ्या पावसाचा दाब याच्या जवळपासही जात नाही, दाब येतो तो सॅकच्या पट्ट्यांखाली आणि ओल्या कातळावर टेकून बसलो की बुडाखाली. म्हणजे आपल्या कामाला 10,000 पुरतं, त्याच्या वरच्या आकड्यासाठी मी तरी पैसे घालणार नाही. खरी गोम दुसऱ्या आकड्यात आहे, म्हणजे 24 तासांत एक चौरस मीटर कापडातून किती ग्रॅम वाफ बाहेर जाते तो. वाफ बाहेर जायला आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त ओली लागते. 5 डिग्रीची हवा पूर्ण ओली असली तरी एका घनमीटरात जेमतेम 7 ग्रॅम पाणी धरते, म्हणून थंड देशात ही जॅकेटं छान चालतात. आपल्याकडे जुलैत घाटात समजा 24 डिग्री आणि धुकं, म्हणजे बाहेरच्या हवेत आधीच 21-22 ग्रॅम, मग आतली वाफ जाणार कशी, आणि त्यात वरचं कापड पाणी पिऊन जड झालं की उरलीसुरली वाटही बंद. मेंब्रेन कितीही भारी असू दे, सह्याद्रीच्या पावसात जॅकेटला खिडक्या, म्हणजे हवा खेळायला उघडता येणाऱ्या झिपा, लागतातच, हे माझं आता ठाम मत झालंय.

इथे मला आजोळच्या इरल्याची आठवण झाली. बांबूच्या काड्या आणि पानांचं ते इरलं डोक्यावरून पाठीवर घेऊन बायका दिवसभर लावणी करायच्या, वाकलेली पाठ झाकलेली, पुढून सगळं मोकळं, वारा खेळता आणि दोन्ही हात रिकामे. पाऊस अडवायचा पण हवा अडवायची नाही, हे आपल्या माणसांनी किती आधी ओळखलं होतं!

तर या वेळी दुकानात गेलो तेव्हा गळ्यात बायनो (दुर्बीण) घालूनच गेलो. हार्नेससकट (दुर्बीण छातीशी धरणारे पट्टे) बायनो आत ठेवून पुढची झिप लागते का बघितलं, एक साइज मोठं घ्यावं लागलं. मग बायनो डोळ्याला लावून उभा राहिलो, कारण आपल्या लोकांचं पाणी शिरतं ते बाहीतून, हात वर धरला की मनगटावरचं पाणी सरळ कोपरापर्यंत उतरतं, ट्रेकवाल्यांना हा त्रास कमी. मनगटाला आत इलॅस्टिक आणि वर वेल्क्रो असलेलं घेतलं. वेल्क्रोचा आवाज फार वाईट, म्हणून गाडीपाशीच एकदा घट्ट करायचं आणि रानात हात लावायचा नाही. काखेतल्या झिपा कोपराच्या वरपासून बरगड्यांपर्यंत, चांगल्या लांब. रंग मातकट हिरवा. कापड कानाजवळ चुरगाळून बघा, काही जॅकेटं वेफरच्या पाकिटासारखी वाजतात, आणि पावसाळ्यात निम्मं बर्डिंग तर कानांनीच असतं.

घरी आणून शॉवरखाली दहा मिनिटं बायनो धरल्यासारखे हात वर करून उभा राहिलो, आत मुद्दाम जुना सुती शर्ट, कारण सुतीवर ओला डाग लगेच दिसतो. डाव्या मनगटाला चार बोटं ओलं, बाकी कोरडं. (रानात मात्र आत सुती अजिबात नको, वाळतच नाही.)

ताम्हिणीत पहिल्याच सकाळी शीळकरी कस्तूर गात होता, ओढ्याच्या आवाजातूनही ती शीळ स्पष्ट येते, पण हूड घातलं की ती कुठून येतेय ते कळेना. यावर माझा तोडगा असा, आत कडक पुढ्याची कॅप, हूड मागे टाकलेलं, आणि पाऊस वाढला तर छत्री. छत्रीमुळे बायनोच्या आयपीसवर, म्हणजे डोळ्याकडच्या काचांवर, थेंब पडत नाहीत हा वेगळा फायदा. आंबोलीत मात्र वाऱ्यापुढे छत्री टिकली नाही, तिथे हूडच. तिथले गाइडदादा पहिल्या दिवशी म्हणाले, "अहो, काखेतल्या झिपा उघडा की, पाऊस खालून येत नाही." तेव्हापासून झिपा कायम उघड्या, आणि चढावर पुढची झिपसुद्धा अर्धी खाली. तिसऱ्या दिवशी तिबोटी खंड्या बघितला, लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच! तोंडात काहीतरी धरून दरडीकडे जात होता, म्हणजे बिळात पिल्लं असणार, त्यामुळे लांबूनच दोन मिनिटं बघून मागे फिरलो. या दिवसांत घरट्याजवळ ठाण मांडून बसू नका, आपण बसलो तर तो आत जात नाही आणि पिल्लं उपाशी राहतात.

निगा राखायचं शिकतोय अजून. साध्या डिटर्जंटने आणि सॉफ्टनरने पाणी घरंगळवणारा वरचा थर मरतो, त्यासाठी वेगळं लिक्विड मिळतं ते आणलंय. धुऊन वाळलं की टॉवेल वर टाकून कोमट इस्त्री, केअर लेबल बघूनच, मग थेंब परत मोत्यासारखे घरंगळायला लागले, खूप बरं वाटलं. ओलं घडी करून कपाटात ठेवलं की आतलं कोटिंग पापुद्र्यासारखं सुटतं, रबरी रेनकोटच्याही आधीचं, या तिघांत न धरलेलं, एक मी असंच घालवलंय.

सध्या उजव्या खांद्यावर सॅकच्या पट्ट्याखाली कापड जरा लवकर भिजतंय. पुढच्या रविवारी कमरपट्टा घट्ट लावून वजन खाली घेऊन बघतो, आणि डाव्या मनगटाला जुन्या मोज्याची पट्टी आतून लावायची आहे.