ऐच्छिक डिपेंडन्सी आणि रिलीजआधीची झाडाझडती

पायथनमधली एक छोटी लायब्ररी मी सांभाळतो. तक्त्यांच्या फायली वाचायच्या, एवढंच तिचं काम. सीएसव्हीचं काम पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीवर भागतं. एक्सेलसाठी ओपनपायएक्सएल, पार्के या फाइल-प्रकारासाठी पायॲरो, आलेखांसाठी मॅटप्लॉटलिब आणि ज्याला डेटाफ्रेम (मेमरीतला तक्ता) हवी त्याच्यासाठी पांडाज. या चारही डिपेंडन्सी, म्हणजे माझ्या लायब्ररीला लागणाऱ्या दुसऱ्या लायब्ररी, ऐच्छिक; ‘एक्स्ट्रा’ म्हणून, म्हणजे मागितल्या तरच बसतील अशा, नोंदवलेल्या. नको असलेलं ओझं कुणाच्या माथी मारायचं नाही, हा हेतू.

वापरणाऱ्याची सोय होते, पण निस्तरायचं असतं रिलीज करणाऱ्याला. पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावर, एकदा चढवलेल्या फायलीचं नाव पुन्हा वापरता येत नाही, फाइल डिलीट केली तरी. आवृत्ती ‘यँक’ करता येते, म्हणजे नव्याने बसवणाऱ्यांपुढून मागे घेता येते, पण ज्याने नेमकी तीच पिन (पक्की) करून ठेवली आहे त्याला ती मिळतच राहते. म्हणजे काय बघायचं ते आधीच.

मी रेपोमधल्या (कोडच्या मूळ फोल्डरमधल्या) कोडवर समाधान मानत नाही, तयार झालेलं व्हील, म्हणजे बसवायची पॅकेज फाइल, तपासतो. एडिटेबल इन्स्टॉलमध्ये, म्हणजे पॅकेज थेट रेपोमधूनच चालतं तेव्हा, सगळ्या फायली जागच्या जागी असतात, त्यामुळे पॅकेजात भरायची राहिलेली टेम्प्लेट फाइल तिथे कळतच नाही. नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनची वेगळी, कोरी जागा), त्यात व्हील, आणि टेस्ट चालवायच्या त्या रेपोबाहेरच्या फोल्डरमधून. नाहीतर पायथन शेजारचा कच्चा कोड उचलतो आणि आपण खूश.

चार एक्स्ट्रा असण्या-नसण्याच्या 16 तऱ्हा होतात. त्या सगळ्यांच्या मागे मी लागत नाही. काहीच न बसवलेलं एक, एकेक एक्स्ट्रा असलेली चार, आणि सगळं असलेलं एक, अशी 6 एन्व्हायर्नमेंट नॉक्स हे टेस्ट चालवायचं साधन बनवून देतं. अपवाद एक जोडी: पांडाजला एक्सएलएसएक्स फाइल वाचायला स्वतःलाच ओपनपायएक्सएल लागतं, ते त्याच्यासोबत आपोआप येत नाही. ती जोडी वेगळी तपासतो.

सगळ्यात जास्त सापडतं ते रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये. एका रिलीजच्या वेळी तिथे साधा इम्पोर्टच कोसळला. ट्रेसबॅक वाचत गेलो तर शेवटी एक मदतनीस मॉड्यूल, आणि त्याच्या डोक्यावर पांडाजचा इम्पोर्ट. कशासाठी? एका फंक्शनच्या टाइप हिंटसाठी, म्हणजे काय प्रकारचा डेटा हवा त्याच्या नुसत्या नोंदीसाठी! काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मशीनवर पांडाज असतंच, म्हणून कुणाला काही जाणवलं नव्हतं. इम्पोर्ट प्रोग्राम चालताना होऊच नये म्हणून ‘टाइप चेकिंग’च्या अटीखाली नेला, हिंट अवतरणात टाकली, मिटलं. या रिकाम्या तपासणीत मी पायटेस्ट हे टेस्टचं नेहमीचं साधनसुद्धा वापरत नाही. टेस्टची साधनं आणि त्यांचे प्लगइन आपल्यासोबत काय काय ओढून आणतील सांगता येत नाही. मग ‘रिकामं’ नावापुरतंच उरतं. एक साधी स्क्रिप्ट: इम्पोर्ट कर, सीएसव्ही वाच, एक्सेल माग आणि योग्य एरर येते का बघ.

दुसरी गोम वगळलेल्या टेस्टची. डिपेंडन्सी नसेल तर टेस्ट सोडून द्यायची, ही पायटेस्टची ‘इम्पोर्ट ऑर स्किप’ सोय चांगली आहे, पण ती फार समजूतदार आहे. पार्केच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये एक्स्ट्राचं नाव कॉन्फिगमध्ये एका अक्षराने चुकलं, तर पॅकेज बसवणारा पिप फक्त ‘असा एक्स्ट्रा या पॅकेजात नाही’ अशी वॉर्निंग देतो आणि पुढे जातो. पायॲरो बसत नाही, पार्केच्या झाडून सगळ्या टेस्ट वगळल्या जातात, आणि निकाल हिरवागार. म्हणून जिथे जो एक्स्ट्रा असायला हवा, तिथे त्याच्या टेस्ट वगळल्या गेल्या तर मी तो थेट बिघाड धरतो. एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने हे जमतं. वगळण्याची कारणं छापणारा पर्यायही कायम चालू.

टेस्ट पायपीआय या सरावाच्या भांडाराचा उपयोग मी फक्त अपलोड नीट होतंय का आणि पानावरचं वर्णन कसं दिसतंय एवढ्यापुरता करतो. डिपेंडन्सी तिथे हव्या त्या आवृत्तीत असतीलच असं नाही. त्यासाठी दोन्ही इंडेक्स (भांडारं) जोडले, तर पिप कुठल्याही एकाला प्राधान्य देत नाही, आणि त्याच नावाने टेस्ट इंडेक्सवर भलत्याच कुणी चढवलेलं पॅकेज आत येऊ शकतं. लोकल व्हील बरं.

शेवटी एररचा मजकूर. आधी आमच्याकडे इम्पोर्ट एरर सरसकट पकडून ‘अमुक बसवा’ असं सांगितलं जायचं. पण लायब्ररी बसवलेली असते आणि तिच्याच आतलं काही तुटलेलं असतं, तेव्हाही हाच सल्ला. माणूस पुन्हा पुन्हा बसवत राहतो. आता फक्त ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ पकडतो, आणि न सापडलेलं नाव तेच आहे का हेही बघतो; बाकीच्या एरर जशाच्या तशा वर जाऊ देतो. मजकुरातल्या कमांडमध्ये पॅकेजचं नाव एक्स्ट्रासकट अवतरणचिन्हांत असतं, कारण झेडशेल हा कमांड चालवणारा प्रोग्राम चौकोनी कंस स्वतःसाठी समजून ‘जुळणारं काही नाही’ म्हणून अडून बसतो. ती अवतरणचिन्हं कुणी ‘साफसफाई’त काढून टाकू नयेत म्हणून त्यांचीही एक टेस्ट आहे.