वर्षातून एकदा चावी

मागच्या आठवड्यात दुकानाचं शटर अर्धं वर केलं तोच एक काका पुढ्यात उभे. नौदलातून निवृत्त. रुमालाची गाठ सोडून त्यांनी खिशातलं घड्याळ काउंटरवर ठेवलं. "अरे, यंदा चाललंच नाही. माझ्याकडून चावी जास्त बसली बहुतेक." घरातल्या लेकराला आपल्या हातून लागावं, तसा आवाज.

झाकणावर उठावाचा तारा, मागे किरण, त्यावर तिरकी तलवार आणि बंदूक. सोव्हिएत संघानं २० मे १९४२ ला सुरू केलेल्या 'देशभक्तिपर युद्ध' सन्मानाचं हे चिन्ह. १९८५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर मिळवलेल्या विजयाच्या चाळिसाव्या वर्षी, हयात असलेल्या सगळ्या लढवय्यांना तो सन्मान दिला गेला. काका तेव्हाच्या सुमारास तिकडे, सोव्हिएत संघातल्या रिगाला प्रशिक्षणाला होते. तिथल्या वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या फिटरलाही तो मिळाला होता. निघायच्या दिवशी त्यानं हे घड्याळ काकांच्या मुठीत कोंबलं. तेव्हापासून काका दर ९ मे रोजी, तिकडच्या विजयदिनी, चावी देतात. बाकी वर्षभर ते कपाटात.

मागचं झाकण काढलं. रशियातल्या चेल्याबिन्स्कच्या कारखान्याची 'मोल्निया', १८ ज्वेल, म्हणजे झीज कमी व्हावी म्हणून बसवलेले बारीक खडे. जाडजूड, नेटकं मशीन. स्प्रिंग ठणठणीत होती. चावी जास्त दिल्यानं घड्याळ बिघडतं हा समज मी रोज कुणाला तरी समजावून खोडतो. स्प्रिंग पूर्ण गुंडाळली की चावी अडते, इतकंच. भिंगातून पाहिलं तर ज्वेलमधल्या तेलाचा तपकिरी डिंक झालेला. तासाला १८,००० ठोके देणारं बॅलन्सचं चाक चिमट्यानं हलवलं, दोन हेलकावे घेऊन थांबलं.

झाकणाच्या आत सुईनं ओढलेल्या बारीक खुणा होत्या, दोन वेगळ्या हातांच्या. दुरुस्ती करणारे अशी नोंद ठेवतात. रशियन अक्षरं मला येत नाहीत, पण ८३ आणि ८६ हे सालांचे आकडे कळले. माझ्याआधी या मशीनवर वाकलेली माझ्याच धंद्यातली ती दोन माणसं! बराच वेळ मी त्या खुणांवरच होतो.

सगळं खोलून धुतलं, तेल दिलं. ताऱ्याच्या झिजलेल्या कडांना पॉलिश लावलं नाही. संग्रहातल्या अशा वस्तूवर मी बफ फिरवत नाही, कुणी कितीही सांगो.

काका आले तेव्हा भिंग त्यांच्या हातात दिलं, खुणा दाखवल्या.

"म्हणजे तो हे वापरायचा?"

"रोजच्या वापरातलंच तीन वर्षांनी धुवायला देतात, काका."

"आणि मी कपाटात ठेवलं."

"आता रोज सकाळी चावी द्या. अडेपर्यंत."

त्यांनी तिथंच उभं राहून दिली. हळूहळू, पण अडेपर्यंत.