तुम्ही विचारलंत म्हणून: दिसले किती वेळ?

"एवढं लांब गेलात, आणि ते सायकलवाले दिसले किती वेळ?"

२०२२ च्या जुलैत मी टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या मागे आठ दिवस आल्प्समध्ये सायकल चालवून आले. तेव्हापासून हा प्रश्न मला लिफ्टमध्ये, बँकेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही गाठतो. विचारणारा आधीपासूनच गालात हसत असतो, कारण उत्तर त्याला ठाऊक असतं: रस्त्याकडेला अर्धा दिवस ताटकळायचं आणि घोळका सूंऽऽ करून निघून जायचा. आमच्या घरी तर याचा हिशेबच मांडला गेला. नवरा कर सल्लागार, हिशेब लागल्याशिवाय त्याला झोप येत नाही. विमान, व्हिसा, हॉटेल, गाईड, भाड्याची सायकल मिळून साडेचार लाख. माझ्या फोनमधला व्हिडिओ १७ सेकंदांचा. म्हणजे सेकंदाला २६,४७० रुपये. वरचे पैसे त्याने मोठ्या मनाने सोडून दिले.

तो व्हिडिओ खरा आहे. १३ जुलैचा, आल्बेरव्हीलहून सुटलेल्या टप्प्यातला, दरीतल्या सपाट रस्त्यावरचा. आधी हेलिकॉप्टरची घरघर, मग पोलिसांच्या मोटरसायकली, मग अचानक दीडशे साखळ्यांचा एकच आवाज आणि तोंडावर वाऱ्याचा फटका. वळून बघेपर्यंत रस्ता मोकळा. सपाट रस्त्यावर तुम्ही त्यांना बघत नाही, ते तुमच्या अंगावरून जातात. नुसतं तेवढंच बघायला गेले असते, तर नवऱ्याचा हिशेब मी निमूट मान्य केला असता.

पण अशा सहलीत सकाळी तुम्ही स्वतः चालवायचं असतं. आम्ही अकरा जण होतो, बरोबर तिशीतली ब्रिटिश गाईड आणि मागे पाणी, केळी, पंक्चरचं सामान भरलेली व्हॅन. गाईडचं खरं काम रस्ता दाखवणं नव्हे, वेळेचं गणित बसवणं. कुठला रस्ता गाड्यांना कधी बंद होतो, सायकलींना कधी, पोलीस कुठे हटकतात, संध्याकाळी सगळा डोंगर एकदम खाली उतरायला लागला की कुठून निसटायचं, हे सगळं तिला पाठ होतं. शर्यत ज्या रस्त्यावरून दुपारी जाणार, त्याच डांबरावरून आपण सकाळी जायचं. क्रिकेटमध्ये असं कुठे आहे सांगा. फायनलच्या दिवशी सकाळी वानखेडेवर जाऊन दोन ओव्हर टाकून येऊ देतील का?

१४ जुलै, आल्प द्युएझचा चढ. १३.८ किलोमीटर, सरासरी चढ ८ टक्क्यांच्या थोडा वर, वळणं २१. वळणांना उलटे आकडे दिलेत: खाली २१, वर १. प्रत्येक वळणावर आधीच्या विजेत्यांच्या नावाची पाटी. २१ व्या वळणावर फाउस्टो कोप्पी, कारण १९५२ मध्ये टूर इथे पहिल्यांदा चढली तेव्हा तो जिंकला होता.

तयारी मी केली होती, नाही असं नाही. तीन महिने दर रविवारी खडकवासल्यावरून गोळेवाडी आणि तिथून सिंहगड. तो चढही नऊएक किलोमीटरचा, आणि काही ठिकाणी आल्पपेक्षा खडूस, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. फरक एवढाच, की सिंहगड दम देतो आणि मधेच थोडा श्वासही घेऊ देतो. आल्प पहिल्या दोन किलोमीटरमध्येच दहा टक्क्यांच्या वर जाऊन बसतो. शिवाय शेवटचा सराव मी केला होता पावसात, रेनकोट घालून, आणि तिथे उन्हाची लाट. १६ व्या वळणाला उजव्या पोटरीत असा गोळा आला की सायकल कठड्याला टेकवून मी चक्क रस्त्यात बसले. पुढे लहान दातेरी चाक, मागे सर्वांत मोठं, याच्या खाली गिअरच नाही. बोटं मात्र सवयीने लिव्हर दाबत राहतात आणि नुसतं खट् वाजतं. त्या खट्‌सारखा अपमान नाही. शेजारून गुडघाभर मोजे घातलेले सत्तरीचे एक आजोबा "आले, आले!" म्हणत पुढे गेले. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ "चला, चला". मला वाटलं, वर पोचल्याची बातमी देतायत.

सातव्या वळणावर डच लोकांचा मुक्काम: नारिंगी कपडे, मोठमोठे स्पीकर, सकाळी साडेदहालाच बिअर. आपल्या विसर्जन मिरवणुकीची सवय असल्याने मला काही नवल वाटलं नाही. पाचव्या वळणाशी गाईडने थांबवलं. आमची जागा ती. खालपासून तिथवर मला पावणेदोन तास लागले होते, पोटरीची बैठक धरून.

मग वाट बघणं. दुपारपर्यंत पोलिसांनी सायकलींनाही रस्ता बंद केला. राजगिऱ्याची चिक्की शेजारच्या बेल्जियन कुटुंबाबरोबर वाटून खाल्ली. शर्यतीच्या साधारण दोन तास आधी जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा येतो, वस्तू भिरकावत. १९३० पासूनची पद्धत. आणि त्यात वावगं काही नाही, कारण १९०३ मध्ये ही शर्यतच मुळी एका वर्तमानपत्राचा खप वाढवायला सुरू झाली. पेपर पिवळ्या कागदावर छापायचे, १९१९ मध्ये आघाडीवीराला जर्सीही पिवळीच दिली. माझ्या वाट्याला सॉसेज कंपनीची लाल-पांढऱ्या चौकड्यांची टोपी आली आणि एक छोटं सॉसेज. सॉसेज बेल्जियन मुलाला दिलं. टोपी घालून सासूबाई गच्चीत कुरडया वाळत घालतात.

गंमत म्हणजे डोंगरावर उभ्या असलेल्या माणसाला शर्यतीतलं काहीही कळत नाही. नेटवर्क जेमतेम. मी नवऱ्याला मेसेज केला, "पुढे कोण आहे?" पुण्यात साडेनऊ वाजत आले होते, तो ताट घेऊन टीव्हीसमोर. उत्तर आलं: "कोणी पिडकॉक. दही संपलंय."

टॉम पिडकॉक, वय २२. ब्रियाँसाँहून निघून, २,६४२ मीटर उंचीचा गालिब्ये आणि मग क्र्वा द फेर हे घाट ओलांडून, दीडशे किलोमीटर झाल्यावर तो या चढाला लागला आणि सुमारे ४० मिनिटांत वर गेला. माझ्यासमोरून गेला तेव्हा मी व्हिडिओ काढला नाही. मी त्याच्या पोटऱ्या बघत होते. सकाळी त्याच जागी मी सायकल नागमोडी नेत होते, सरळ रेषेत चढवत नव्हती म्हणून. तो सरळ गेला. टीव्हीवर हा रस्ता सपाटच दिसतो, कॅमेरा चढ खाऊन टाकतो. माझ्या पायांना मात्र तो चढ किती आहे ते सकाळपासून ठाऊक होतं.

थोड्या वेळाने ख्रिस फ्रूम. चार वेळा टूर जिंकलेला, २०१९ च्या भयंकर अपघातानंतर परत उभा राहिलेला. त्या दिवशी तो तिसरा आला.

आणि मग, ज्यासाठी मी परत जाईन, ते शेवटचे. सपाटीवर वेगाने धावणारे दणकट गडी डोंगरात मागे पडतात. विजेत्याच्या वेळेपेक्षा ठरावीक टक्क्यांहून जास्त उशीर झाला तर शर्यतीतून बाद. म्हणून ते एकत्र येतात, वेळेचं गणित करत, एकमेकांना ओढत चढतात. या घोळक्याला ग्रुपेत्तो म्हणतात. पहिल्यानंतर अर्धा तास उलटून गेल्यावर ते आले. वेग असा, की चेहरे वाचता येत होते. एकाच्या काळ्या चड्डीवर घामाच्या मिठाचे पांढरे नकाशे उठले होते, तोंड उघडं, नजर पुढच्याच्या मागच्या चाकावर. कोणाकडे बघत नव्हता. माझ्यापासून हातभर अंतरावर त्याचं बोट लिव्हरवर गेलं.

खट्.

त्याचाही गिअर संपला होता.

तेव्हा, दिसले किती वेळ? त्या दिवशी चाळीस मिनिटांच्या आसपास. त्या भावाने नवऱ्याचा दर बराच खाली येतो, पण तो म्हणतो, सपाटीचे १७ सेकंद वेगळे धरावे लागतील. खालच्या मजल्यावरच्या काकूंना मी एकदा उलट विचारलं होतं, "तुम्ही दुपारपासून लक्ष्मी रोडला पालखीसाठी उभ्या असता, पादुकांना हात लागतो किती वेळ?" काकू म्हणाल्या, "अगं, ते वेगळं." वेगळंच आहे, मी वाद घातला नाही.

आल्प द्युएझचा शेवटचा तुकडा माझा राहिलाच. पाचव्या वळणाच्या वर मी गेलेच नाही. "वर पोचलात ना?" हाही प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर "नाही".

२०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली, आपल्याच जिल्ह्यातल्या घाटांतून. नवऱ्याला मी बळेच नेलं. पुढचे गेले, मधले गेले, लोक पांगायला लागले, मीही पिशवी उचलली. तर हा कठड्याला टेकून तसाच उभा. टूरमध्ये सगळ्यांत शेवटी, थकून थांबलेल्यांना गोळा करणारी गाडी असते आणि तिला झाडूची गाडी म्हणतात, हे मी त्याला कधीतरी सांगितलं होतं.

"थांब," म्हणाला, "अजून झाडूची गाडी यायचीये."