आमची वाटचाल : ससून डॉकचं मीटर

शीतगृहांचे तापमान नियंत्रक बनवणाऱ्या मुंबईतल्या लहान कारखानदारांत आज आमचं नाव विश्वासाने घेतलं जातं. गोरेगावला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक गाळा, सोल्डरिंगची दोन टेबलं आणि लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला २० मेगाहर्ट्झचा जुना सीआरओ (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र), एवढ्यावर सुरुवात केली. तो सीआरओ अजून चालतो. त्याच्या प्रोबची, म्हणजे सर्किटला टेकवायच्या तारेची, लांब ग्राउंड क्लिप काढून टोकाशी आखूड तार गुंडाळा, मग सर्किटातला खरा नॉईज कुठला आणि क्लिपने पकडलेला कचरा कुठला ते कळतं. गाळ्यात आलेल्या प्रत्येक पोराला मी पहिल्यांदा हेच शिकवतो.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. सांगायचं आहे ते ‘नाचणारं मीटर’ या बदनामीबद्दल, कारण बाजारात अजूनही कुणी ना कुणी तो विषय काढतंच.

ससून डॉकच्या मासळीच्या शीतगृहांत आमचे नियंत्रक, म्हणजे हीच मीटरं, लागले होते. उणे १८ अंशांवर असलेला आकडा कॉम्प्रेसर, पंखा, डीफ्रॉस्ट (बर्फ वितळवणं) यांचे रिले, म्हणजे त्यांना चालू-बंद करणारे विजेचे स्विच, पडले-उचलले की उडायचा. तिथल्या कॉम्प्रेसरच्या देखभालीचं काम ज्यांच्याकडे होतं, ते स्वतःचं मीटरही विकत. त्यांनी डॉकभर केलं, ‘यांचं रीडिंग नाचतं.’ त्यांचं मीटर शांत दिसायचं, कारण आत इतकी लांब सरासरी काढलेली की दार उघडं राहिलं तरी पडद्यावर बराच वेळ उणे १८च. आमची मीटरं काढून परत पाठवली गेली. ऑर्डरी थांबल्या, सर्किट बोर्ड (पीसीबी) बनवून देणाऱ्याची बाकी चढली आणि मासेमारी बंदीच्या महिन्यांत गाळ्याचं भाडं बायकोच्या पगारातून गेलं.

एका कोळी मावशींनी मात्र मीटर काढू दिलं नाही. पापलेट-कोळंबीचा त्यांचा व्यापार, तीन पिढ्यांचा. “दार उघडं राहिलं की तुझंच मीटर बोंबलतं रे पोरा, त्याला कशाला हात लावू देऊ?” म्हणाल्या. रात्री त्यांच्या पॅनेलशी सीआरओ घेऊन बसायची परवानगी दिली, चहाही पाठवला.

आधी सेन्सर (थर्मिस्टर, म्हणजे तापमानाबरोबर रोध बदलणारा घटक) सोडवून टर्मिनलवर १०० के चा साधा रेझिस्टर लावला. आकडा खिळला. बोर्ड साफ, दोष बाहेर. मग सीआरओवर दिसलं की रिले उचलताच सेन्सरचं ग्राउंडच वर सरकतंय. देखभालवाल्यांच्या वायरमनने एक तार वाचवायला सेन्सरची परतीची तार रिले कॉइलच्या कॉमनला जोडली होती, म्हणजे कॉइलचा प्रवाहही त्याच तारेतून परत यायचा. हिशेब मांडून पाहा: ०.१ ओहमच्या तारेतून कॉइलचे २०० मिलिअँपिअर म्हणजे २० मिलिव्होल्ट. सेन्सरचं ग्राउंड तेवढं सरकलं की आकडाही हलतो.  स्वतंत्र परतीची तार ओढली, शील्ड (तारेवरची धातूची जाळी) एकाच टोकाला ग्राउंड केली, आकडा थांबला. आमच्या बोर्डातला एक पार्टही बदलावा लागला नाही.

या धंद्यात नवे येणाऱ्यांना सांगतो, रीडिंग नाचलं की लगेच कोडमध्ये सरासरी घालू नका. दोष तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो. एडीसी म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग; तो ज्याच्याशी तुलना करतो त्या रेफरन्स व्होल्टेजच्या पिनवर १०० नॅनोफॅरॅडचा कॅपॅसिटर आहे का बघा. एटीमेगा ३२८ या मायक्रोकंट्रोलर चिपला १० किलोओहमच्या वर रोध असलेला सोर्स दिलात तर आतला १४ पिकोफॅरॅडचा कॅपॅसिटर वेळेत भरत नाही, आणि चॅनल बदलताना शेजारच्या खोलीचं तापमान यात मिसळतं. एडीसीचं क्लॉक २०० किलोहर्ट्झच्या आत ठेवा. थर्मिस्टरचा पुलअप (सप्लायकडून त्याला जोडलेला रेझिस्टर) आणि एडीसीचा रेफरन्स एकाच ५ व्होल्टवरून घ्या, सप्लाय हलला तरी गुणोत्तर तेच राहतं. एवढं करून मग सरासरी काढा, तीही २० मिलिसेकंदांच्या पटीत, म्हणजे ५० हर्ट्झची घरघर त्यातच कटते.

मावशींनी ती जोडणी डॉकवरच्या चारचौघांना बोलावून दाखवली. त्यानंतर मीटरं एकेक करून पुन्हा लागली. देखभालवाल्यांनी मात्र झालेलं कधी कबूल केलं नाही, ते मला अजून सलतं. पुढे त्यांनीच एका कामासाठी आमचे नियंत्रक मागवले. दिले, पण सगळी रक्कम आगाऊ घेऊन, आणि सोबतच्या वायरिंगच्या कागदावर सेन्सरची परतीची तार वेगळी ओढायची हे लाल शाईत लिहून.