आमची वाटचाल : नियम बदलत गेले, आम्ही मोजत राहिलो

कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगाव औद्योगिक पट्ट्यात बरेच जण आम्हाला 'सोलरवाले' म्हणतात. ते ऐकलं की माझ्या भागीदाराच्या कपाळावर अजून आठी पडते. आमचा मूळ धंदा एनर्जी ऑडिटचा, म्हणजे कारखान्यात वीज कुठे वाया जाते ते मोजून सांगण्याचा. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा आला, त्यातून बीईई (केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो) उभी राहिली आणि २००४ मध्ये ऑडिटरच्या परीक्षा सुरू झाल्या. भागीदार ती परीक्षा पास झाला. मी तोवर कपॅसिटर पॅनल बनवत होतो. दोघांनी मिळून फर्म काढली तेव्हा लोक तोंडावर म्हणायचे, "बिल वाचायला पैसे कसले घेता?"

पहिलं मोठं कर्ज काढलं ते पॉवर अॅनालायझर या वीज मोजणाऱ्या यंत्रासाठी. तीन फेजला तीन सीटी (तारेभोवती बसणारी, प्रवाह मोजणारी कडी), वर व्होल्टेजच्या क्लिपा. एका सीटीचा बाण उलटा लागला की तो फेज उणे आकडा दाखवतो आणि नवा पोरगा घाबरून मीटरच बिघडला म्हणून सांगत येतो. डिस्प्लेचा एक कोपरा काळा पडलाय, बॅटरी दोनदा बदलली, पण यंत्र अजून साइटवर जातं. नंतर थर्मल कॅमेरा आला, अल्ट्रासॉनिक लीक डिटेक्टर आला. तरी साबणाच्या पाण्याची बाटली बॅगेतून कधी काढली नाही. हवेची गळती नेमकी कुठल्या नटाला आहे ते फेसच दाखवतो.

आम्हाला खरा हात दिला अण्णांनी. त्यांची फाउंड्री आणि शेजारी मशीन शॉप. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, सुट्टीच्या दिवशी फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवा, बाकी सगळं बंद." चार मिनिटं लोडवर (हवा भरत), सहा मिनिटं अनलोडवर (नुसता फिरत), असा कॉम्प्रेसर दिवसभर चालत राहिला. आत एकही माणूस काम करत नव्हता, म्हणजे क्षमतेच्या ४० टक्के हवा नुसती गळत होती. अण्णा बराच वेळ गेजकडे बघत राहिले, मग म्हणाले, "एवढी वर्षं मी वाऱ्याचं बिल भरतोय व्हय रं?" गळत्या बंद केल्या, मग हवेचा दाब एक बारने खाली आणला. एक बार कमी केला की कॉम्प्रेसरला साधारण ६ ते १० टक्के वीज कमी लागते. भट्टीचं झाकण उघडं टाकू नका, हे मात्र आजही प्रत्येक भेटीत सांगावं लागतं.

२०१५ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे (छपरावरची जास्तीची वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वळती करण्याचे) विनियम आणले आणि पोट भरायला आम्हीही छपरावर चढलो. अण्णांनी मशीन शॉपवर पॅनल लावले ते आमच्याकडूनच. पण आम्ही त्यांना आधी हिशेब मांडून दिला होता : एक किलोवॅटला आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे १०० किलोवॅटला ४००. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात. तेव्हा भट्टी छपरावर चालेल असं कोणी सांगत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते २०२१ चं.

३१ डिसेंबर २०२० ला केंद्राचे वीज ग्राहक हक्क नियम निघाले. सगळे नव्या वर्षाच्या शुभेच्छा पाठवत होते, आणि त्या नियमांत एक ओळ होती : १० किलोवॅटपर्यंत नेट मीटरिंग, त्यावर ग्रॉस मीटरिंग. म्हणजे कारखान्याने छपरावरची वीज स्वतः वापरायची नाही, सगळी ग्रिडला द्यायची आणि स्वतःसाठी महाग दराने विकत घ्यायची. २०१९ मध्ये आयोगाच्या मसुद्याने असाच घाम फोडला होता, पण वर्षअखेरीस निघालेल्या अंतिम विनियमांत नेट मीटरिंग टिकलं होतं. ते विनियम राज्यात लागूच होते. आम्ही ते छापून, ओळींखाली रेघा मारून प्रत्येक ग्राहकाला दाखवले. ऐकतो कोण? लॉकडाऊनने आधीच कंबर मोडलेली, ऑर्डरी एकामागून एक थांबल्या. आम्ही पॅनलचे पैसे भरून बसलो होतो. माल गोडाऊनला आणि बँकेचा हप्ता दारात.

याच काळात बाहेरच्या शहरातली एक मोठी कंपनी इथे उतरली. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, पट्ट्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यांची माणसं टाय लावून आमच्याच ग्राहकांकडे गेली. सांगणं एकच : नेट मीटरिंग संपलं, आता आमच्याकडून वीज घ्यायचा २५ वर्षांचा करार हाच मार्ग, तुमचा एक रुपयाही लागणार नाही. करारातली दरवाढीची कलमं कोणी वाचली नाहीत. ज्यांच्या शेडमध्ये आम्ही उन्हाळ्यात पत्र्यावर बसून मापं घेतली होती, त्यांनी आमचंच ड्रॉइंग त्या लोकांच्या हातात दिलं. पैशाचं दुःख विसरलो, त्या ड्रॉइंगचं विसरलेलो नाही.

२८ जून २०२१ ला केंद्राने दुरुस्ती केली : ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार, यातलं जे कमी असेल तिथपर्यंत नेट मीटरिंग. तोवर सह्या होऊन गेल्या होत्या. मग १ ऑक्टोबरपासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी ५ वरून १२ टक्के, एप्रिल २०२२ पासून आयात पॅनलवर ४० टक्के सीमाशुल्क. (जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा ५ वर आला. तेव्हा पेढे वाटावे की रडावं ते कळेना.)

जानेवारी ते जूनच्या त्या सहा महिन्यांत आम्हाला जगवलं ते जुन्या धंद्याने. एप्रिल २०२० पासून महावितरणने उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएच बिलिंग लावलं होतं, म्हणजे रिअॅक्टिव्ह विजेचा बोजाही बिलात धरला जातो. सोलर सहसा फक्त किलोवॅट देतं, मोटरींना चुंबकत्वासाठी लागणारी रिअॅक्टिव्ह वीज ग्रिडमधूनच येते. २०० किलोवॅट भार, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ०.९५ धरा. त्यातले १५० किलोवॅट छपराने दिले तर ग्रिडकडून ५० च लागतात, पण रिअॅक्टिव्ह तेवढीच राहते आणि मीटरवर पॉवर फॅक्टर ०.६१ दिसतो, म्हणजे दर युनिटमागे बिल फुगतं. टायवाल्यांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. अण्णांनी मात्र आमच्याकडून रिअॅक्टिव्ह वीज जागेवरच पुरवणारं कपॅसिटर पॅनल सुधारून घेतलं, कपॅसिटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या एपीएफसीची सीटी योग्य जागी घेतली, आणि पुढच्या बिलाची प्रत कारखानदारांच्या असोसिएशनच्या बैठकीत स्वतःहून फिरवली. कामाचे पैसे आगाऊ दिले होते, वर म्हणाले, "पोरांचे पगार थकवू नगा." त्या बैठकीनंतर फोन वाजायला लागले.

आता न विचारता थोडं सांगतो. सोलर घेण्याआधी बारा महिन्यांची बिलं एका ओळीत मांडा. मोठ्या पंख्याला आणि पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावा : वेग २० टक्के उतरवला की पंख्याची वीज जवळपास निम्मी होते, आणि त्यासाठी कुणाचं नेट मीटर लागत नाही. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी सौर तासांचा (दिवसा ऊन असतानाचा) दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितलंय, तेव्हा रात्रपाळीतलं वितळकाम दिवसा आणता येतं का ते बघा. घरासाठी सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ते जरूर घ्या, पण काल मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याकडून स्ट्रक्चर उभारून घेऊ नका, आपल्याकडचा वळीव बोल्ट तपासतो.

लघुउद्योगांसाठी सगळ्यात कामाची म्हणजे बीईईची 'अदिती' योजना, जुलै २०२५ मध्ये सुरू झालेली. ऊर्जा वाचवणारी यंत्रणा घ्यायला काढलेल्या कर्जावर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ५ टक्के, मध्यम उद्योगांना ३ टक्के व्याजसवलत. पण बचत होणार हे आधी ऑडिटमध्ये दाखवावं लागतं, म्हणजे पुन्हा मोजमाप आलं.

ती मोठी कंपनी आता ऑडिटसाठी स्थानिक माणसं शोधतेय. परवा त्यांच्या ऑफिसातून आम्हालाही फोन आला. भागीदार नको म्हणत होता. मी कोटेशन पाठवलं. निम्मी रक्कम आगाऊ, आणि ड्रॉइंग आमच्याकडेच राहतील, असं पहिल्याच कलमात लिहून.