सराफ आडनावाबद्दल, एकदाच

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मस्कतहून सुट्टीवर आलो की कुणीतरी विचारतंच, "सराफ अरबी शब्द ना? मग तुमचे पूर्वज कोण?"

शब्द अरबी, आम्ही मराठी. नाव धंद्याचं आहे, रक्ताचं नाही. फडणीस-चिटणिसांतला 'नीस' फारसी आहे, पण त्यांना इराणातलं गाव कुणी विचारत नाही. हद्दाद म्हणजे लोहार. लेबनॉन-सीरियात हे आडनाव ख्रिस्ती लावतात, मुसलमानही लावतात.

अरबीत तीन अक्षरांच्या धातूतलं मधलं अक्षर दुप्पट करायचं, पुढचा 'अ' लांबवायचा, की तेच काम रोज करणारा माणूस उभा राहतो. खुब्ज म्हणजे रोटी, ती भाजणारा खब्बाज. अत्तारात तो जोड 'त' शाबूत आहे. हमाल, दलाल, सराफ यांतला आपण गिळला. साद, रा, फा या तीन अक्षरांचा धातू म्हणजे फिरवणं, बदलणं. नाणं पारखून, बट्टा घेऊन बदलून देणारा तो सर्राफ. शब्दांची रूपं फिरवण्याचं जे व्याकरण, त्यालाही अरबीत सर्फच म्हणतात! मस्कतला नोटा बदलायच्या दुकानावरची 'सिराफा' ही अक्षरं मी पहिल्यांदा अडखळत वाचली, तेव्हा अंगावर काटा आला होता.

तो आनंद मी घरी नेला. अण्णा निवृत्तीनंतर घराण्याची वही लिहीत होते. दिवाळीत सगळे चुलते बसलेले असताना त्यांनी पहिलं पान वाचायला घेतलं. 'सार पारखतो तो सराफ', अशी त्यांनी संस्कृतातून फोड केली होती. मी मध्येच म्हणालो, "अण्णा, हे चूक आहे." मग धातू, दुप्पट अक्षर, दुकानाची पाटी, सगळं ऐकवलं. धाकटे काका हसले. अण्णांनी चष्मा काढला, वही मिटली. "तू शिकलायस. असेल तसं," म्हणाले आणि फराळाचं बघायला आत गेले.

वही पुढे सरकली नाही. अकरा पानं.

चूक ती चूक, ती तिथल्या तिथे सांगायला हवी, असं तेव्हा मी बायकोशी भांडलो होतो. आजही फोड चूकच म्हणेन. पण दुसऱ्या दिवशी अंगणात, दोघंच असताना, सांगता आलं असतं. की तेव्हाही त्यांना तितकंच लागलं असतं?

ते गेल्यावर वही माझ्याकडे आली. पहिल्या पानावरची ती ओळ त्यांनी खोडलेली नाही. मीही अजून खोडलेली नाही.